केमोचे पहिले तीन दिवस आणि लघवीचा हिशेब

माझ्या भाच्याची पहिली केमो सुरू झाली त्या रात्री बहीण मला वॉर्डाबाहेरच्या बाकावर घेऊन गेली. "ताई, त्याच्या अंगात आधीच रक्त कमी. तरी दर सहा तासांनी येऊन रक्त काढतात. वर मला सांगतात, लघवी मोजून लिहून ठेवा. गाठ पोटात आहे, मग लघवी मोजून काय मिळणार?" तिच्या हातात मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं होतं आणि आवाजात राग होता. राग साहजिक होता. दोन आठवडे ती या खोलीतून त्या खोलीत कागद घेऊन फिरत होती आणि कुणी तिला पाच मिनिटं बसवून काही सांगितलं नव्हतं.

इंदूरच्या एका हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काम केलं. वॉर्डात काढलेलं ते रक्त माझ्या टेबलावर यायचं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटचे आकडे पहिल्या तीन दिवसांत कसे चढतात ते मी मशीनसमोर बसून पाहिलं होतं. पलंगाशेजारी बसून पाहिलं ते भाच्याच्या आजारात. त्या रात्री बहिणीला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण पुढच्या दोन दिवसांत त्याच वॉर्डात खरगोनहून आलेल्या एका बापाने आणि देवासच्या एका आजीने मला हाच प्रश्न विचारला.

ज्याची सगळ्यांना धास्ती असते त्याचं नाव ट्यूमर लायसिस सिंड्रोम. वॉर्डात नुसतं टीएलएस म्हणतात. लायसिस म्हणजे पेशी फुटणं, विरघळणं. औषधाने कॅन्सरच्या पेशी इतक्या झपाट्याने फुटतात की त्यांच्या आतला सगळा ऐवज एकदम रक्तात येतो आणि किडन्यांना तो वेळेत बाहेर टाकता येत नाही. म्हणजे औषध चुकलं म्हणून हे होत नाही. औषध जोरात लागू पडतं तेव्हाच होतं. बहिणीला हे पटायला वेळ लागला, आणि मला वाटतं सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं.

आमच्या रामबागेच्या बाजूला जुने वाडे पाडताना मी पाहिले आहेत. शहाणा ठेकेदार पहिल्याच दिवशी भिंतीवर घाव घालत नाही. आधी गल्ली मोकळी करून घेतो, पाणी मारतो, मलबा उचलायला गाड्या लावून ठेवतो आणि मग वरचा मजला, मग खालचा, असं उतरवत येतो. तोच वाडा एका रात्रीत बसला तर माती-विटा गटारात जातात आणि सगळी गल्ली तुंबते. वाडा पडायलाच हवा होता, यात वाद नाही. शरीरात गटाराच्या जागी किडनीतल्या केसाहून बारीक नळ्या आहेत. त्या तुंबल्या तर कॅन्सर बरा होत असतानाच माणूस हातचा जाऊ शकतो.

पेशी फुटल्यावर बाहेर येणाऱ्या तीन गोष्टी त्रास देतात आणि चौथी त्यांच्यामुळे कमी पडते. लॅबमध्ये आम्ही याच चार आकड्यांकडे डोळे लावून बसतो.

पहिलं पोटॅशियम. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं असतं. आत त्याचं प्रमाण लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास आणि बाहेर रक्तात फक्त ३.५ ते ५. हा फरक सांभाळला जातो म्हणून हृदय ठेक्यात चालतं. अब्जावधी पेशी एकदम फुटल्या की आतलं बाहेर येतं. आकडा ६ च्या वर गेला की हृदयाचा ठेका बिघडायची भीती असते आणि कधी कधी तो कसलीही सूचना न देता बिघडतो. चौघांत सगळ्यात झटपट जीव घेणारं हेच.

दुसरं युरिक अ‍ॅसिड. पेशीच्या केंद्रात डीएनए असतो, त्याचे प्युरिन नावाचे तुकडे मोडत मोडत शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. गाउटमुळे अंगठा सुजणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहे. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आम्लधर्मी लघवीत तर फारच कमी, म्हणून त्याचे बारीक खडे किडनीच्या नळ्यांमध्ये अडकतात. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक अ‍ॅसिड पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते फार पूर्वी गमावलं. त्या हरवलेल्या एन्झाइमची गोष्ट पुढे औषधांत पुन्हा येईल.

तिसरं फॉस्फेट. आमच्या रिपोर्टवर ते 'फॉस्फरस' म्हणून छापलेलं असतं. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, काही कोवळ्या पेशींमध्ये ते लिम्फोसाइट नावाच्या साध्या पांढऱ्या पेशीच्या चौपटीपर्यंत असतं. जास्तीचं फॉस्फेट रक्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि दोघांचे मिळून खडे होतात, तेही किडनीतच. म्हणून चौथा आकडा, कॅल्शियमचा, खाली येतो. तो फार उतरला की ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात, झटकेही येऊ शकतात.

या चारांपैकी दोन किंवा जास्त आकडे बिघडले, तेही उपचाराच्या आधीचे ३ दिवस ते नंतरचे ७ दिवस या काळात, तर त्याला लॅबमध्ये दिसणारा टीएलएस म्हणतात. २००४ मध्ये कैरो आणि बिशप या दोन डॉक्टरांनी मांडलेल्या व्याख्येवर आजही काम चालतं. त्यांच्या रेषा अशा: युरिक अ‍ॅसिड ८ मिलिग्रॅम किंवा वर, पोटॅशियम ६ किंवा वर, फॉस्फरस मोठ्यांत ४.५ आणि लहान मुलांत ६.५ किंवा वर, कॅल्शियम ७ किंवा खाली. आधीच्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी बदल झाला तरी त्यांनी तो धरला होता. पुढे काहींनी ही २५ टक्क्यांची अट गाळली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नॉर्मलच्या वरच्या रेषेच्या दीडपट झालं, हृदयाचा ठेका बिघडला किंवा झटका आला, तर मग तो नुसता कागदावरचा टीएलएस राहत नाही, पेशंटमध्ये उतरलेला असतो.

वारंवार रक्त का काढतात ते इथे कळतं. कागदावरचा टीएलएस आधी येतो, अंगातला मागून. पेशंट गप्पा मारत असतो, चहा मागत असतो आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.८ असतं. मधल्या त्या काही तासांत हात चालवला तर पुढचं टळतं. बहुतेक वेळा हे केमो सुरू झाल्यापासून १२ ते ७२ तासांत घडतं, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांचं रक्त पहिल्या दिवसांत दर ४ ते ६ तासांनी तपासतात. मी बहिणीला हिशेब करून दाखवला: एका वेळी चार-पाच मिलिलिटर, दिवसभराचं मिळून एक ते दोन मोठे चमचे. एवढ्याने रक्त कमी होत नाही.

लॅबमधली एक आठवण सांगते, कारण तिने मला बरंच शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचं सॅम्पल आलं: पोटॅशियम ६.८, कॅल्शियम एकदम कमी. मी ते बाजूला ठेवलं. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं मीठ असतं, पोटॅशियमने भरलेलं आणि कॅल्शियमला धरून ठेवणारं. कुणी घाईत त्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, किंवा आधी जांभळी ट्यूब भरली आणि त्याच सुईने पुढची, तर अगदी असाच रिपोर्ट येतो. मला वाटलं, हेच झालं असणार. मी वॉर्डाला नवीन सॅम्पल मागितलं आणि गप्प बसले. नवीन सॅम्पल यायला सव्वा तास गेला. त्यातही तेच आकडे होते आणि फॉस्फरस नऊच्या वर. मुलगा वाचला, पण तो सव्वा तास माझा होता. सॅम्पल पुन्हा मागवणं बरोबरच होतं. त्याच मिनिटाला फोन उचलून "आकडा खरा असू शकतो, इसीजी काढा" एवढं सांगायचं राहिलं, ही माझी चूक. पुढे नव्या मुलींना शिकवताना मी हे दर वेळी सांगायचे.

याची उलट बाजूही आहे. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्या, लाखाच्या वर, तर त्या नाजूक पेशी ट्यूबमध्येच फुटतात आणि पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. सुईने रक्त ओढताना जोर लावला, पट्टा फार वेळ बांधला किंवा पेशंटला मूठ आवळ-सोड करायला लावली तरी तेच होतं. म्हणून "रक्त पुन्हा घ्यावं लागेल" म्हणून कुणी आलं तर कृपा करून भांडू नका. बहुतेकदा तो निष्काळजीपणा नसतो, कुणीतरी खात्री करून घेत असतं.

धोका सगळ्यांना सारखा नाही. गाठ जितकी वेगाने वाढणारी, जितकी मोठी आणि औषधाला जितकी मऊ, तितका जास्त. बर्किट लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर, सगळ्यात वर. भाच्याला तोच होता. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेलेला तीव्र ल्युकेमिया, १० सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एलडीएच नावाचं एन्झाइम खूप वाढलेलं, किडनी आधीच थकलेली, हे सगळे वरच्या पायरीवर. मल्टिपल मायलोमा, हॉजकिन लिम्फोमा, सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचा संथ टप्पा यांत सहसा धोका कमी. केमो सुरू व्हायच्या आधीच गाठ आपोआप फुटायला लागून टीएलएस होतो, असंही घडतं. म्हणून पहिले रिपोर्ट औषधाच्या आधीचे हवेत. त्याशिवाय पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

आता पाणी. टीएलएस टाळण्यात जे काही आहे त्यातलं अर्ध्याहून जास्त पाण्यात आहे, असं मी अनुभवाने म्हणते. सलाईनमधून दिवसाला शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २ ते ३ लिटर द्यायचा प्रघात आहे. मध्यम बांध्याच्या माणसाचा पृष्ठभाग साधारण १.६ चौरस मीटर धरला तर तीन ते पावणेपाच लिटर होतात. हे शक्यतो केमोच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात. या सलाईनमध्ये पोटॅशियम आणि कॅल्शियम घालत नाहीत. पाणी एवढ्यासाठी की लघवी पातळ आणि भरपूर व्हावी, आणि खडे धरायच्या आत सगळं वाहून जावं. उद्दिष्ट असतं ताशी दर चौरस मीटरमागे ८० ते १०० मिलिलिटर लघवी, म्हणजे मघाच्या माणसाला तासाला सव्वाशे ते दीडशेच्या पुढे. पूर्वी लघवी अल्कधर्मी करायला सोडा द्यायचे, माझ्या नोकरीच्या सुरुवातीला तर सर्रास. त्याने युरिक अ‍ॅसिड विरघळतं हे खरं, पण कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे उलट सहज धरतात. म्हणून आता तो नेहमीचा उपाय राहिलेला नाही.

आणि हे पाणी आत गेलं तेवढं बाहेर आलं का, हे कळायला मशीन नाही. बहिणीच्या हातातलं ते भांडं, हेच मशीन. तिला मी एक वही करून दिली. डाव्या बाजूला आत गेलेलं: सलाईनची बाटली केव्हा बदलली, किती पाणी, किती चहा, किती पेज. उजव्या बाजूला वेळ आणि लघवीचं माप, आणि उलटी झाली तर तीही. रात्री नर्सला एकटीला वीस पेशंट बघायचे असतात. घरच्या माणसाने लिहिलेली ही वही डॉक्टरांनी सकाळी पहिल्यांदा हातात घेतली. अंदाजे लिहू नका. "बरीच झाली" याचा उपयोग नाही, "पहाटे ३ वाजता ४२०" याचा आहे. पेशंट संडासात जाऊन लघवी करून आला आणि मोजायचं राहिलं, तर तेही लिहा. लपवलेल्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

सलग दोन-तीन तास लघवी अगदी थोडी झाली, ती गढूळ किंवा लालसर दिसली, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज आली, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. सूज आणि दम म्हणजे पाणी आत साठतंय. म्हातारी माणसं आणि हृदयाचे पेशंट यांच्यात पाणी जास्त झाल्याचाही धोका असतो, म्हणून त्यांचं रोज, कधी दोनदा, वजन करतात. धडधड, बोटांना मुंग्या, पेटके, सतत मळमळ, पेशंट गुंगीत असल्यासारखा वाटणं, हेही लगेच सांगायचं. "एवढ्याशा मुंग्यांसाठी काय बोलवायचं" असा संकोच आपल्या माणसांत फार असतो.

इथे एक आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात झाबुआ-धारकडून बसने सहा तास प्रवास करून पेशंट येतो, वाटेत उलटी नको म्हणून पाणी न पिता. कुणाच्या आईने मुलासाठी नवस बोललेला असतो आणि मुलगाच उपवास धरून असतो. माझ्या बहिणीनेही भाच्याला एकादशीचा उपवास करायला सांगितला होता. त्या दोन-तीन दिवसांत पेशंटने उपवास करू नये. करायचाच असेल तर घरच्यांनी करावा. कोरड्या अंगाने केमोला सामोरं जाणं म्हणजे पाणी न मारता वाडा पाडणं.

औषधांत दोन नावं कानावर पडतील. एक जुनं, अ‍ॅलोप्युरिनॉल. युरिक अ‍ॅसिड तयार करणारं एन्झाइम ते अडवतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ते आलं, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की ल्युकेमियावरचं सिक्स-एमपी नावाचं औषध शरीरात लवकर मोडू नये, यासाठी ते आधी वापरून पाहिलं होतं. म्हणूनच आजही दोन्ही एकत्र दिली तर सिक्स-एमपीचा डोस बराच कमी करावा लागतो. मुलाला सिक्स-एमपी चालू असेल आणि दुसऱ्या कुणी युरिक अ‍ॅसिडची गोळी लिहून दिली, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अ‍ॅलोप्युरिनॉलची मर्यादा अशी की आधीच तयार झालेल्या युरिक अ‍ॅसिडला ते हात लावत नाही, पुढचं थांबवतं. म्हणून ते एक-दोन दिवस आधी सुरू करतात. ते घेताना अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. क्वचित ती प्रतिक्रिया फार गंभीर होते.

दुसरं रासब्युरिकेज. मघाशी म्हटलं ना, माणसाने एक एन्झाइम गमावलं. हे तेच, प्रयोगशाळेत बनवलेलं. ते युरिक अ‍ॅसिड मोडून अ‍ॅलन्टॉइन करतं, आणि अ‍ॅलन्टॉइन पाण्यात ५ ते १० पट सहज विरघळतं. शिरेतून दिल्यावर चार तासांत आकडा कोसळतो. मशीनवर बारावरून एकाच्या खाली आलेलं युरिक अ‍ॅसिड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, पुन्हा चालवून मशीन तपासलं होतं. महाग आहे. मूळ शिफारस वजनाप्रमाणे रोज काही दिवस देण्याची, पण पुष्कळ ठिकाणी एकच लहान डोस देऊन पुढचा आकडा पाहून ठरवतात. "पैसे नाहीत म्हणून कमी दिलं" असा समज करून घेऊ नका, बऱ्याच जणांना एवढं पुरतं. पण लक्षात ठेवा, पोटॅशियम आणि फॉस्फेट यांना हे औषध काही करत नाही. युरिक अ‍ॅसिड एकावर आलं म्हणून लघवी मोजणं सोडायचं नाही.

हे औषध देण्याआधी लाल पेशींमधल्या जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची तपासणी हवी. या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना रासब्युरिकेज दिलं तर त्यांच्या लाल पेशी फुटतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. ही कमतरता मलेरियाच्या प्रदेशांतल्या लोकांत जास्त आढळते, अनेक आदिवासी समाजांत आणि पारशांतही. पुरुषांत अधिक, कारण हा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो. निमाड-झाबुआकडून येणारे पेशंट पाहता आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. रिपोर्ट यायला वेळ असेल तरी घरच्यांना एक गोष्ट सांगता येते: मलेरियाच्या गोळ्यांनंतर त्याला किंवा त्याच्या मामाला, भावाला कधी कावीळ झाली होती का, लघवी कोलासारखी काळी झाली होती का? झाली असेल तर कुणी न विचारता सांगा. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तेही सांगा, कारण दुसऱ्याच्या रक्तामुळे तपासणी नॉर्मल दिसू शकते.

आणि एक लॅबची गोष्ट, जी वॉर्डातही सगळ्यांना ठाऊक नसते. रासब्युरिकेज दिल्यानंतर काढलेलं युरिक अ‍ॅसिडचं सॅम्पल बर्फात ठेवून आणावं लागतं. साध्या तापमानाला ते औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं आणि अंगातला आकडा ७ असला तरी मशीन २ दाखवतं. भाच्याचं सॅम्पल न्यायला वॉर्डबॉय आला तेव्हा मी कँटीनमधून बर्फ आणून दिला.

खाण्यापिण्यात मात्र आपल्या प्रेमाचीच अडचण होते. पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी आणतो. एरवी उत्तम, पण या तीन-चार दिवसांत नको: १०० मिलिलिटरमध्ये २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि एका शहाळ्यात त्याच्या दोन-तीन पट. केळी, संत्र्या-मोसंबीचा रस, डाळिंबाचा रस, टोमॅटोचं सूप, सुका मेवा, बटाटा-गराडूसारखे कंद, यांचंही तेच. अशक्तपणा वाटतो म्हणून ओआरएस देतात, त्यातही पोटॅशियम क्लोराइड असतं. ब्लडप्रेशरवाल्यांसाठी मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, त्यामुळे ते घरातून आलेल्या डब्यात नको. फॉस्फेटसाठी दूध, पनीर, खवा आणि काळी कोला पेयं आवरायची. इंदूरची शिकंजी दुधाची, हे बाहेरगावच्यांना माहीत नसतं, तीही नाही. मग काय द्यायचं? साधं पाणी, भाताची पेज, पातळ साबुदाण्याची खीर पाण्यातली, पोहे, सफरचंद, जमेल तेवढं. हे बंधन कायमचं नाही, आकडे स्थिरावले की डॉक्टर उठवतात. अंगदुखीसाठी घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र पुढेही विचारल्याशिवाय नाही, किडनीवर सरळ घाव बसतो.

एवढं करूनही आकडे चढलेच तर काय करतात, ते थोडक्यात. पोटॅशियम फार वाढलं की लगेच इसीजी. हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. पोटॅशियम पेशींत परत ढकलायला इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, सालब्युटामॉलची वाफ. मधुमेह नसताना इन्सुलिन का, असं विचारून घाबरू नका. कॅल्शियम नुसतं कागदावर कमी असेल आणि त्रास नसेल तर ते सहसा भरून काढत नाहीत, कारण दिलेलं कॅल्शियम फॉस्फेटला मिळून आणखी खडे करतं. लघवी थांबली किंवा आकडे हाताबाहेर गेले तर डायलिसिस. डायलिसिस म्हटलं की घरच्यांना सगळं संपल्यासारखं वाटतं. इथे ते बहुतेकदा तात्पुरतं असतं. खडे निघून गेले की किडन्या पुष्कळदा पुन्हा चालू लागतात. त्यासाठी होकार द्यायला रात्र घालवू नका.

धोका जास्त असेल तर मुळातच मजला मजला उतरवतात. तीव्र लिम्फॉइड ल्युकेमियात किंवा बर्किटमध्ये मोठ्या केमोआधी काही दिवस सौम्य औषधं देतात, भाच्याला तसंच दिलं होतं. सीएलएल या संथ रक्ताच्या कॅन्सरवरची व्हेनेटोक्लॅक्सची गोळी तर याच कारणाने पाच आठवड्यांत चढवतात: २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि ४००. सुरुवातीच्या चाचण्यांत टीएलएसने पेशंट दगावले, त्यातून हा जिना आला. ही गोळी बरेच जण घरी घेतात, म्हणून घरच्यांची जबाबदारी मोठी: दोन दिवस आधीपासून रोज ६ ते ८ ग्लास पाणी, ठरलेल्या तासाला रक्ताची तपासणी, आणि डोस विसरला तर पुढचं आपल्या मनाने ठरवायचं नाही. ग्रेपफ्रूट आणि कमरख खायचं नाही, त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या गोळ्यांनीही वाढतं, म्हणून सर्दी-तापाला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर या गोळीचं पाकीट दाखवा.

आणि स्टेरॉइड. मानेतली गाठ सुजली, खोकला जात नाही, म्हणून तपासणी व्हायच्या आधीच कुठे कुठे डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन दिलं जातं. काही लिम्फोमांना आणि ल्युकेमियांना स्टेरॉइड हीच केमो आहे. गाठ दोन दिवसांत विरघळते, घरचे खूश होतात आणि किडनी बंद पडून पेशंट येतो, वर बायोप्सीत नीट काही सापडत नाही. न समजणारी गाठ असेल तर गोळीचं नाव विचारा आणि आधीच घेतली असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

भाच्याचं पोटॅशियम दुसऱ्या रात्री ५.७ पर्यंत गेलं, फॉस्फरस सहाच्या वर. सलाईनचा वेग वाढवला, दर चार तासांनी रक्त नेलं. बहीण भांडं घेऊन जागी होती. चौथ्या दिवशी सकाळी पोटॅशियम ४.३, क्रिएटिनिन होतं तिथेच, आणि तिच्या वहीत चोवीस तासांची लघवी चार लिटर एकशे ऐंशी. डॉक्टरांनी वही वाचली, तिला परत दिली आणि म्हणाले, आता रक्त दिवसातून एकदाच घेऊ. तिने विचारलं, नारळपाणी केव्हा देऊ? सातव्या दिवशी दिलं.